केक मधात कच्चा राहतो

पिपरी मेघे, वर्धा
५ नोव्हेंबर २०२५

नमिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न फोडता ठेवून देऊ नकोस. भांडायला लिहीत नाही. तुझ्या ओव्हनबद्दल विचारायचं आहे, बाकी काही नाही.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, त्याची तक्रार नाही. तुझे बाबा दर रविवारी अकरा वाजता त्यांच्या फोनवर गुंजनला पाच मिनिटं दाखवतात. त्या पाच मिनिटांत मी नातीशी बोलू की ओव्हनचं विचारू? आणि त्यांना तरी काय कळतं त्यातलं. म्हणून तुझ्या माहेरी, आष्टीच्या पत्त्यावर पत्र. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला, अक्षर अजून बरं आहे माझं.

येत्या चौदा डिसेंबरला गुंजन पाच वर्षांची होईल. मागच्या रविवारी तिनं मला विचारलं, "आजी, तुले केक बनवता येते का?" आष्टीला राहून पोट्टी तुले-मले करायला शिकली, कानाला गोड लागतं. मी म्हटलं, येतो की. आता म्हटलं तर करणं आलं. तुम्ही इकडे या असं मी म्हणत नाही. तू हो म्हणालीस तर केक घेऊन एसटीनं येईन, स्टँडवर तुझ्या बाबांच्या हातात डबा देईन आणि त्याच बसनं परत फिरेन. तेवढ्यात ती स्टँडवर आली तर आली.

ओव्हन तू ठेवून गेलीस तसाच आहे. मी त्याला बोटही लावलेलं नाही. तुझा कागद अजून भिंतीवर चिकटलेला आहे: कन्व्हेक्शन, १८०, आधी दहा मिनिटं रिकामा तापवणे, बुटकी जाळी, चाळीस मिनिटं. त्याबरहुकूम सगळं केलं. केक निघाला तो भिंतीकडच्या बाजूनं तव्याच्या बुडासारखा काळा आणि दाराकडून पिवळा पचपचीत. भांड्यांना येते ती पंचफुला म्हणाली, "बाई, म्या इकडून खाऊ का तिकडून?" दुसऱ्यांदा केला, तेच. तिसऱ्यांदा टिन उलटा फिरवून ठेवला, तर दोन्ही बाजू काळ्या आणि मधात, अगदी मधोमध, खीर.

तुझ्या हातून असं कधी झालेलं मला आठवत नाही. काय चुकतं ते दोन ओळींत कळव. नाही कळवलंस तरी मी समजून घेईन. म्हणजे राग येईल, पण समजून घेईन.

गुंजनची आजी


पिपरी मेघे
११ नोव्हेंबर

नमिता,

उत्तर आलं नाही. ठीक.

एका बाजूनं करपण्याचं कारण माझं मीच शोधून काढलं. काचेची थाळी फिरतच नव्हती. तिच्याखाली तीन चाकांची गोल कडी असते ना, ती नव्हती. मी थाळी तशीच बुडावर ठेवून मोकळी. मग घरभर कडी शोधत बसले. शेवटी दिवाणाखाली गुंजनच्या भातुकलीच्या टोपलीत सापडली. तिची एसटी चालवायची ती, आठवतं? पाटावर बसून कडी हातात धरायची आणि "वर्धा-आष्टी, वर्धा-आष्टी, मागं सरका" म्हणून सगळ्यांना हाकायची. बापाला, सुमीतला, तिकीट काढायला लावायची. तो मुद्दाम म्हणायचा, मी पासवाला आहे, आणि ती त्याला खाली उतरवून द्यायची.

मी टोपली जवळ घेऊन बराच वेळ बसले. मग कडी धुतली, बसवली, थाळी फिरायला लागली.

आता केक चारही बाजूंनी सारखा होतो. पण वरून पापडासारखा कडक आणि मधात कच्चा. पंधरा मिनिटं वाढवली तर वरचं काळं आणि मधलं तसंच. आणि वास येतो, निरांजन विझल्यावर येतो तसा.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ओव्हनला बोटही लावलं नाही म्हटलं, ते खरं नाही. तू गेल्यावर मी त्यात कापूस ठेवत होते. सुमीत गेला तेव्हा त्याच्या नावानं लाख वाती करायचा संकल्प केला होता. उंदीर जात नाही, धूळ जात नाही, घट्ट दाराची पेटी घरात तीच एक. पावणेदोन वर्षं तुझ्या ओव्हनमध्ये कापूस आणि वळलेल्या वाती भरलेल्या होत्या. आता केकसाठी काढून डब्यात ठेवल्या. तुझी वस्तू अशी वापरली हे सांगायला लाज वाटली, म्हणून तसं लिहिलं.

आणखी एक. तुझ्या आत्येसासू, आर्वीच्या मोहिनीताई, यांचा फोन होता. तुला स्थळ आलंय म्हणाल्या. आर्वीचाच शाळामास्तर, देवेंद्र नावाचा, बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. माणूस चांगला आहे म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मला काय वाटलं ते खरंच लिहू का? वाईट वाटलं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. गुंजनचा बाप दुसरा कोणी होईल, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. तुझं वय एकतीस आहे, हे चार दिवसांनी सुचलं.

सरोजिनी


१८ नोव्हेंबर

नमिता,

शेवटी अमरला बोलावलं. आर्वी नाक्याकडे दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. चाळिशीचा झाला, दोन लेकरांचा बाप, पण पहिलीत माझ्याच वर्गात होता, म्हणून अजून 'बाई, बाई' करतो.

त्यानं आधी काहीच उघडलं नाही. पावाच्या चकत्या मागितल्या, थाळीभर मांडल्या आणि भट्टी लावली. दहा मिनिटांनी काढल्या तर सगळ्यांच्या पाठी जळलेल्या आणि पोटं पांढरी. म्हणाला, "बाई, गरम हवा वरच राहून राह्यली. पंखा फिरूनच नाई राह्यला." मग मागचा पत्रा खोलला. पंख्याच्या दांड्याला कापूस गुंडाळलेला, जळून काळा, लाकडासारखा कडक झालेला. मी कापूस काढला तरी कोपऱ्यात तंतू राहिले असणार, ते पंख्यानं ओढून घेतले. अमर चिमट्यानं एकेक धागा काढत होता आणि मला रागवत होता, मी त्याला कधी काळी रागवले असेन तसा. "ओव्हनमंदी कापूस काऊन ठेवला तुम्ही? पेट घेतला असता म्हंजे? घर गेलं असतं, तुम्ही गेल्या असत्या." मी म्हटलं, वाती होत्या बाबा. त्यानं चिमटा परत आत घातला. सुमीत त्याच्यापेक्षा चार वर्षं मागं होता शाळेत.

ओव्हन भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही, चार बोटं जागा सोडायची, वर विणलेलं झाकण घालायचं नाही, हेही सांगितलं. म्हणजे झाकणाची हौस माझीच, तू नको म्हणत होतीस.

मग त्यानं पाच मिनिटं लावून रिकामा चालवून पाहिला. वेळ संपल्यावर ओव्हन वाजला. अमर हात धुवायला मोरीत गेला होता. मिनिटानं परत वाजला. परत मिनिटानं. तू सांगितलं होतंस ना, दार उघडेपर्यंत तो आठवण करत राहतो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी खाली फरशीवर बसले. अमर धावत आला, "काय झालं बाई?" मी म्हटलं, साखर कमी झाली असेल. त्यानं गुळाचा खडा दिला. मला साखरेचा त्रास नाही, तुला माहीत आहे.

त्याच दुपारी पुंडलिकराव म्हणून एका गृहस्थांचा फोन आला. देवेंद्रचे वडील. चौकशीला यायचं म्हणतात, रविवारी, तेवीस तारखेला. पहिल्या सासरी विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं. मी या म्हटलं. आवाजावरून साधा माणूस वाटला. शेवटी चाचरत म्हणाला, "तिच्याबद्दल एक गोष्ट कानावर आली, ते तुमच्याच तोंडून ऐकायचं हाय."

कोणती गोष्ट ते तुलाही कळलं असेल, मलाही कळलं.

सरोजिनी


२० नोव्हेंबर

नमिता,

दोन दिवस झोप नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण हे माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याजवळ असावं. कोणी विचारलं तर दाखव.

फेब्रुवारीतला तो रविवार. सुमीत साडेतीनला म्हणाला, छातीत जळजळ होतेय, डावा हात जड वाटतो. आदल्या दिवशी लग्नात झणझणीत जेवला होता. मी म्हटलं, पित्त आहे. ओवा आणि काळं मीठ दिलं, पडून राहा म्हटलं. तू म्हणालीस, "आई, सेवाग्रामला नेऊन आणू का?" मी म्हटलं, जरा जळजळलं की दवाखाना, तुम्हा आजकालच्या पोरींचं हेच. तू थोड्या वेळानं परत म्हणालीस. मी म्हटलं, झोपू दे त्याला, तू तुझी ऑर्डर बघ, सहा वाजता लोक केक न्यायला येतील. तुझं मन नव्हतं. माझ्या शब्दाखातर तू टिन आत ठेवलास. चार वाजून वीस मिनिटं झाली होती, मला घड्याळ दिसत होतं.

दहा मिनिटांनी त्याला घाम फुटला. तू हातातलं टाकून शेजाऱ्यांना हाक मारलीस, ऑटो आणलास, तसाच पिठाचा हात घेऊन त्याला धरून बसलीस आणि गेलीस. केककडे तू वळूनही पाहिलं नाहीस. मी गुंजनला घेऊन घरी थांबले.

पाच वाजता ओव्हन वाजला. मला बंद करता येईना. मिनिटामिनिटाला वाजायला लागला, गुंजन कान झाकून रडायला लागली. मी दार उघडलं. आणि नमिता, मी सुरी घेतली आणि केकमध्ये खुपसून पाहिली. सुरी कोरडी निघाली. माझ्या मनात आलं, छान झाला. तिकडे माझा मुलगा जात होता आणि मी इकडे केक झाला का ते पाहत होते. पाच-दहा मिनिटांनी दवाखान्यातून शेजाऱ्यांचा फोन आला, सुमीत गेला म्हणून.

तिसऱ्या दिवशी बायका भेटायला बसल्या होत्या. मोहिनीताईंनी विचारलं, न्यायला एवढा उशीर काऊन झाला? सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, "तिचा केक व्हायचा होता."

एवढंच वाक्य. तू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होतीस. तू ऐकलंस. मला वाटलं आता तू बोलशील, सगळ्यांसमोर माझं माप माझ्या पदरात घालशील. तू तांब्या खाली ठेवलास आणि आत गेलीस. तेरवी झाली तशी गुंजनला घेऊन आष्टीला निघून गेलीस, जाताना मला नमस्कारसुद्धा केलास. तू का बोलली नाहीस ते मला कळत नव्हतं. आता कळतं. जिचा मुलगा गेला तिला चारचौघांत तोंडघशी पाडायचं नाही, म्हणून तू ते स्वतःवर घेतलंस. आणि मी तुला घेऊ दिलं. एकवीस महिने घेऊ दिलं. ते वाक्य गावभर फिरलं, आर्वीपर्यंत पोचलं, आणि मी लोकांच्या तोंडून ते ऐकून मान हलवत राहिले. पुढंपुढं तर मला ते खरंच वाटायला लागलं होतं. तो ओव्हन वाजेपर्यंत.

पाच वाजता तो घरात वाजत होता तेव्हा तू दवाखान्यात होतीस. मग तू केकसाठी थांबलीस कशी? हे माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.

उशीर माझ्यामुळे झाला. सुमीतला मी थांबवलं.

माफ कर असं लिहायला हात उचलत नाही.

सरोजिनी


२४ नोव्हेंबर

नमिता,

काल ते दोघं येऊन गेले. पुंडलिकराव आणि त्यांच्या सौभाग्यवती. साडेदहाला आले. मी चहा ठेवला, चिवडा दिला. केक नाही दिला, जमला होता तरी. हो, जमला. परवा सहाव्या खेपेला चांगला झाला, मधातसुद्धा. अमरला अर्धा पाठवला, अर्धा पंचफुलानं नेला.

पुंडलिकरावांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "ताई, पोराच्या छातीत कळा येऊन राह्यल्या होत्या अन् सुनबाई केक भाजत बसली होती म्हणतात. खरं हाय का?"

तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते. मी पाण्याचा पेला उचलला. माझ्या मनात आलं, खोटं बोलायचीही गरज नाही. नुसता उसासा टाकून 'जाऊ द्या, झालं ते झालं' म्हटलं, तरी ही दोघं चहा पिऊन उठतील आणि स्थळ मोडेल. गुंजन सुमीतचीच राहील, माझी राहील. रविवारचा फोन चालू राहील. पाण्याचा पेला तोंडाला लावून मी एवढा विचार केला. इतकी वाईट आहे मी.

मग पेला ठेवला आणि सांगितलं. तुला लिहिलं तसंच, सगळं. ओवा, काळं मीठ, तू दोनदा म्हणालीस ते, मी काय म्हटलं ते. सुरीचंही सांगितलं. पुंडलिकराव खाली पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "पोरगी सोनं हाय मंग. आमच्याकडून पक्कं समजा."

मी म्हटलं, बरं झालं.

पण बाईंनी चहाचा कप तसाच ठेवला होता. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही खरं बोलल्या, हे बरं केलं. पण राग नका मानू. जे बाई आपल्या सुनेवर असं बोलू शकते, अन् दोन वर्सं तसंच राहू देते, तिचा फोन आमच्या घरात नको. पोरगी आमची नात म्हणून वाढन. येणं-जाणं, फोन-बिन, सारं लगनापासून बंद." पुंडलिकराव "अवं" म्हणाले, पण त्या थांबल्या नाहीत. आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. तुझ्या आईंनी हेच म्हटलं असतं, आज असत्या तर. मीही म्हटलं असतं.

तेवढ्यात अकरा वाजले आणि माझा फोन वाजला. टेबलावर समोरच होता, तुझ्या बाबांचं नाव आलं. बाईंनी विचारलं, "कोण?" मी म्हटलं, नात.  फोन वाजून बंद झाला, परत वाजला. मी उचलला नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, मला मान्य आहे.

तुला न विचारता मी हो म्हटलं. पण माझ्या होकारानं तू बांधली जात नाहीस. हे तुझं लग्न, तुझी मुलगी. तुला त्यांना काही वेगळं सांगायचं असेल तर सांग. मात्र माझी कीव येऊन सांगू नकोस, आणि माझ्यामुळे हे स्थळ हातचं जाऊ देऊ नकोस. माणसं चांगली आहेत. त्या बाई तुझ्या बाजूनं उभ्या राहतील. मी नाही राहिले.

ते गेल्यावर मी मोहिनीताईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या रडल्या, मग मला बोलल्या, मग फोन ठेवून दिला. त्या आता इतरांना सांगतीलच, तिथं मला काळजी नाही.

ओव्हन अमर त्याच्या ओळखीच्या टेम्पोनं आष्टीला पाठवतो आहे. चौदा तारखेचा केक तूच कर. मागची जाळी पंधरा दिवसांनी पुसत जा, आणि भिंतीपासून लांब ठेव. त्या बाई लग्नापासून म्हणाल्या, पण मी आजपासूनच थांबते; बस स्टँडवर येणार नाही, फोनही उचलणार नाही.

गुंजनचं मात्र मला थोडं कळतं, ते सांगते. पहिलीची पोरं दुसरीत गेली की जूनमध्ये पहिले काही दिवस सवयीनं माझ्याच वर्गात येऊन बसायची. मी हात धरून त्यांना नव्या बाईंकडे नेऊन सोडायची. काही रडायची, काही पळून परत यायची. आठवडा, फार तर दोन आठवडे. मग व्हरांड्यात मी समोरून गेले तरी त्यांचं लक्ष नसायचं, खेळत असायची. त्यात त्यांचा दोष नसतो.

ती रविवारी अकरा वाजता फोन मागेल. तीन-चार रविवार मागेल, कदाचित हट्ट करेल. तेव्हा तिला मारू नकोस, रागावू नकोस. पाचव्या रविवारी नाही मागणार.

सरोजिनी